आरामाची वाटणी

धाकट्या सुनेचा खांदा गेला तो भिंतीवर चेंडू मारताना. घरात दुखण्यापेक्षा याच गोष्टीचं जास्त हसू झालं. दुधाचे कॅन, वैरणीचे भारे, आडमुठं वासरू, काय काय त्या खांद्यानं ओढलं होतं, आणि शेवटी हरला तो चेंडूपुढे. तिच्या नवऱ्यानं तर दोन दिवस तिला येताजाता चेंडूबाई म्हणून हाक मारली. तिसऱ्या दिवशी तिला केस विंचरताना रडू आलं, तेव्हा मात्र तो गप्प झाला.

चेंडू पोरासोरांचा नव्हता. आत वजन भरलेला, कलिंगडाएवढा. तो छातीशी धरून खाली बसायचं, उठता उठता भिंतीवरच्या खुणेवर फेकायचा, खाली येताना झेलायचा आणि परत बसायचं. शहरात व्यायामाच्या स्पर्धा व्हायच्या, त्यात जोडीची एक स्पर्धा होती आणि तिच्यात हा चेंडू होता. शिवाय पळणं होतं, वजन लादलेली घसरगाडी दोरानं ओढणं होतं, दोन्ही हातांत जड वजनं घेऊन चालणं होतं. कोणी काय किती करायचं हे जोडीनं आपसात वाटून घ्यायचं.

या दोघी जावांना तिकडे वळवलं शाळेच्या कवायत मास्तरांनी. शाळेमागच्या रिकाम्या गोदामात ते व्यायामशाळा चालवत. पहाटे फिरायला निघालेले असताना त्यांनी या दोघींना भरलेले कॅन दूधगाडीत चढवताना पाहिलं आणि तिथंच उभे राहिले. थोरलीला वाटलं, दूध मागायला आले असतील. त्यांनी स्पर्धेचं काढलं तेव्हा ती हसली. चाळिशी उलटलेली बाई, मोठी मुलगी नोकरीला लागलेली, हे काय वय आहे का? पण धाकटी लगेच हो म्हणून बसली होती, आणि धाकटीला एकटीला कुठं पाठवायचं तर थोरलीचा जीव खालीवर व्हायचा.

पहिल्याच दिवशी गोदामात थोरली दोन्ही हातांत वजनं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. तिथल्या पोरीबाळींनी टाळ्या वाजवल्या. वजनं तिच्या रोजच्या कॅनपेक्षा फार जड नव्हती. गोठ्यात तिनं कॅन उचलल्यावर कोणी टाळी वाजवली असती तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं. इथली टाळी मात्र तिला घरी येईपर्यंत कानात ऐकू येत राहिली. स्वयंपाक करताना ती उगाच दोनदा हसली. तिला ती स्पर्धा हवी होती. नवऱ्याला, सासूला, कोणालाच तिनं हे सांगितलं नाही, पण आयुष्यात इतकी हवीशी वाटलेली दुसरी गोष्ट तिला पटकन आठवली नसती.

खांदा गेला त्या दिवशी वैरणीची गाडी आली होती. दोघी दुपारभर भारे माळ्यावर फेकत होत्या, आणि संध्याकाळी उशीर झाला म्हणून धावतपळत गोदामात पोचल्या. मास्तरांनी आधी अंग गरम करून घ्यायला सांगितलं. धाकटी म्हणाली, अंग सकाळपासून गरमच आहे मास्तर, थंड कधी होतंय? सगळे हसले. मास्तरही हसले, आणि तिथंच चुकले. थोड्याच वेळात चेंडू वर गेला आणि हात वरच राहिला.

शहरातल्या दवाखान्यात फिजिओ होती, धाकटीच्याच वयाची. तिनं खांदा सगळीकडून दाबून, फिरवून पाहिला आणि स्नायू ओढला गेल्याचं सांगितलं. फाटलेला नाही, पण दमलेल्या स्नायूवर भार पडलाय. हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, काही उचलायचं नाही, धारा काढायच्या नाहीत. चालायला, पायांचे व्यायाम करायला हरकत नाही. एक रबरी पट्टी दिली, ती दाराच्या कडीला बांधून हळूहळू ओढायची. नीट आराम केला तर स्पर्धेच्या आत खांदा उभा राहील, म्हणाली.

थोरलीनं मान डोलावली. आराम. एवढंच ना.

त्या घरात कामाची वाटणी कोणी कधी केली नव्हती. ज्याला काम दिसलं त्यानं ते उचललं, अशी पद्धत. त्यामुळे धाकटीच्या वाटच्या गायींचं काय, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. थोरलीनं तिची बादली आपल्या बादलीशेजारी ठेवली, झालं. त्यातून दिवस वेतांचे होते. पाठोपाठ गायी व्यालेल्या, कासा फुगलेल्या.

पुरुष गोठ्यात नव्हते असं नाही. शेण काढणं, वैरण तोडणं, गायी धुणं, दूधगाडीशी हुज्जत घालणं, सगळं थोरलीचा नवरा आणि दीर करत. फक्त कासेला हात लावत नसत. या घरच्या गायी पुरुषाच्या हाताला पान्हा सोडत नाहीत, असं होतं. कधीपासून, कशामुळे, ते कोणाला ठाऊक नव्हतं. शेजारच्या गोठ्यात बाप्ये मंडळी खुशाल धारा काढत, त्याचंही कोणाला काही वाटत नसे. त्यांच्या गायी वेगळ्या.

आता धाकटीला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी थोरली गोठ्यात आली तर ही आधीच एका हातानं धार काढत बसलेली. थोरलीनं तिला दंडाला धरून उठवलं, चांगल्या हाताच्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरली लवकर उठली. त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकटी त्याहून लवकर. असं करत करत दोघी अशा वेळेला गोठ्यात यायला लागल्या की गायीसुद्धा झोपेतून उठून त्यांच्याकडे नाराजीनं बघत. शेवटी थोरलीनं धारेची दोन्ही स्टुलं रात्री स्वतःच्या खाटेखाली ठेवायला सुरुवात केली. धाकटी दारात उभी राहून पट्टी ओढायची आणि पुटपुटायची, म्हणे आराम, याला काय आराम म्हणतात, तुरुंगात बरं असतं.

पण खांदा सुधारत होता. हात कानापर्यंत जायला लागला, मग डोक्यापर्यंत. थोरलीला इतका आनंद व्हायचा की ती रोज संध्याकाळी तिला हात वर करून दाखवायला लावायची.

तिच्या स्वतःच्या कोपराला कधी सुरुवात झाली ते तिला नेमकं सांगता आलं नसतं. सगळ्या गायींच्या धारा दोन वेळा, वर कॅन, वर मास्तरांकडची वजनं. जोडीतली एक बसली तर दुसरीनं जोर ठेवायला हवा, असा तिचा हिशेब. आधी उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला नुसतं ठणकायचं. मग कपडे पिळताना कळ यायला लागली. एक दिवस चहाचा कप हातातून सुटला. सासू म्हणाली, लक्ष कुठंय? थोरली म्हणाली, ओला होता. त्यानंतर ती कप डाव्या हातानं धरायला लागली, आणि जेवणाच्या वेळी मुद्दाम शेवटी बसायला लागली.

घरात पहिल्यांदा कळलं ते गायींना. मूठ पुरी आवळता येईना म्हणून थोरली अंगठा मुडपून सड ओढायला लागली होती. नेहमीची शहाणी तांबडी गाय, तिनं एका सकाळी पान्हा चोरला आणि वर बादलीला लाथ मारली. दूध सगळ्या गोठ्यात. नवरा धावत आला. थोरली खाली बसलेली, पदर दुधानं भिजलेला, आणि उजवा हात पोटाशी धरलेला.

"लागलं का?"

"नाही हो. माशी चावली असेल तिला."

त्यानं बादली उचलून दिली आणि शेण काढायला गेला. माणूस वाईट नव्हता. विचारलं होतं त्यानं, हिनं नाही म्हटलं होतं, त्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटला होता.

धाकटीला दवाखान्यात पुन्हा दाखवायचं होतं, तेव्हा थोरली सोबत गेली. फिजिओनं खांदा फिरवून पाहिला आणि खूश झाली. आता हळूहळू वजन वाढवा, म्हणाली, आणि दोघींना प्यायला पाण्याची बाटली पुढे केली. झाकण घट्ट होतं. थोरलीनं बाटली घेतली, उजव्या हाताला धरली, मग डाव्या हाताला घेतली, मग दातांकडे नेली. फिजिओनं ते पाहिलं. उठून आली आणि तिचा हात हातात घेऊन कोपराच्या हाडाशी बोट ठेवलं. थोरलीच्या तोंडून आवाज निघालाच.

मग धारांची चौकशी झाली. किती गायी, कोण काढतं, कधीपासून. धाकटीनं सगळं सांगितलं, सांगता सांगता तिचा चेहरा उतरत गेला.

"मी एकीला आराम दिला," फिजिओ म्हणाली. "तो तुम्ही उचलून दुसरीच्या हातावर ठेवलात. याला आराम म्हणत नाहीत."

थोरली चोरी पकडल्यासारखी खाली बघत राहिली. फिजिओनं पुढे सांगितलं ते तिनं तुकड्यातुकड्यानं ऐकलं. धारा पूर्ण बंद. घट्ट पकडायचं काही नाही. नुसता हात टांगूनही ठेवायचा नाही, पाण्याची भरलेली लहान बाटली घेऊन मनगट सावकाश खाली न्यायचं, रोज. असं सगळं खरोखर केलं तर स्पर्धेला उभं राहता येईल कदाचित, आणि नाही केलं तर हे दुखणं वर्षभर सोबत करेल. स्पर्धेला महिन्याहून थोडे जास्त दिवस होते. थोरलीनं मनातल्या मनात गायी मोजल्या आणि स्पर्धा सोडून दिली.

परतीच्या वाटेवर धाकटी एक शब्द बोलली नाही. ती अशी गप्प बसली की समजायचं, वादळ घरी पोचल्यावर आहे.

वादळ मास्तरांवर फुटलं. ते बिचारे चौकशीला आले होते. चांगल्या मनानं म्हणाले की गोदामात येणारी एक मुलगी तयार आहे, धाकटीनं तिच्याबरोबर जोडी करावी, एवढी मेहनत फुकट कशाला घालवायची. थोरलीही म्हणाली, जा गं, खरंच जा. धाकटीनं मास्तरांकडे पाहिलं.

"चालेल. मग उद्यापासून तिला गोठ्यात पण पाठवा. जोडी काय नुसती चेंडू मारायला असते?"

मास्तर चहा न संपवता गेले.

राहिला प्रश्न संध्याकाळच्या धारांचा. गायी दाव्याला उभ्या. धाकटीच्या खांद्याला आत्ता कुठं हलकं काम चालणार होतं, सगळा गोठा नाही. नवरा म्हणाला, बाई लावू कोणी. दीर म्हणाला, वेतांच्या दिवसांत रिकामी बाई कुठं मिळणार. मग दोघे भाऊ तिथंच घुटमळत राहिले. आपल्याला करता आलं असतं तर केलं असतं हो, नवरा थोरलीला म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण आपल्या गायी पुरुषाच्या हाताला पान्हा सोडत नाहीत.

सासू गोठ्याच्या दारात पोत्यावर बसून शेंगा सोलत होती. शेंगा सोलत होती म्हणजे दोन्ही तळहातांत धरून चिरडत होती. तिच्या हाताची बोटं कधीच वळली होती, सरळ होत नसत, मिटत नसत. ती तशीच आहेत असं सगळ्यांनी धरलं होतं.

"कोण म्हणालं?" तिनं विचारलं.

"तूच म्हणतेस की, आई. लहानपणापासून."

"मला माझ्या सासूनं सांगितलं. मी तुम्हाला सांगितलं." तिनं मांडीवरची टरफलं झटकली. "तुमचा बाप लग्नाच्या आधी सगळा गोठा एकटा काढायचा. मी आले त्याच आठवड्यात गायींनी त्याच्या हाताला पान्हा सोडायचं बंद केलं."

दिराला हसू येत होतं, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं ते गिळलं.

"तुला माहीत होतं?" नवऱ्यानं विचारलं.

"माहीत होतं. बोलायचं कुणाला?" तिनं हात पुढे करून त्यांच्याकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. "हिच्यासारखंच सुरू झालं होतं. कप पडायचा हातातला. मी पण ओला होता म्हणायचे."

थोरलीला त्या क्षणी सासूच्या जवळ जाऊन बसावंसं वाटलं. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना धड जवळ घेतलं नव्हतं, आता कसं घेणार? ती नुसती जाऊन शेजारी बसली आणि डाव्या हातानं शेंगा सोलायला लागली.

दोघे भाऊ गोठ्यात गेले. तांबडीनं मान वळवून थोरल्याकडे पाहिलं. तो स्टुलावर बसला तसं स्टूल कुरकुरलं. पहिली धार त्याच्या शर्टावर गेली, दुसरी त्याच्या चपलेवर, तिसरी बादलीत. बादलीत धारेचा आवाज झाला आणि तो दचकून मागे वळला, कोणी दुसऱ्यानंच काढल्यासारखा. पलीकडे दीर गायीला लाडीगोडी लावत होता, जशी त्यानं बायकोला कधी लावली नव्हती. धाकटी दाराला टेकून हसत होती, आणि हसता हसता तिनं दोनदा डोळे पुसले.

लाज वाटून असेल किंवा जोर चढला म्हणून असेल, नवरा त्याच दिवशी सगळा गोठा काढायला निघाला होता. थोरलीनं त्याला उठवलं. आज दोनच गायी, म्हणाली, उरलेल्या धाकटी आणि भाऊजी थोड्या थोड्या काढतील. आधी हात कोमट पाण्यात धरा, बोटं मोकळी करा, मग बसा. उद्या जमलं तर एक वाढवू. त्यानं ऐकलं. सकाळी त्याचे पंजे सुजून पावासारखे झाले होते, आणि तो ते खिशात न घालता सगळ्यांना दाखवत फिरला. दुखतंय, म्हणायचा, भलतंच दुखतंय, तू हे रोज करायचीस? थोरली त्याच्याकडे बघत राहायची. दुखतंय म्हणायला त्याला काहीच जड जात नव्हतं.

दिवस गेले. दूध थोडं कमी भरलं, मग पूर्वीसारखं भरायला लागलं. धाकटीचा चेंडू हलका होता तो जड झाला. आता गोदामात पोचल्यावर दोघी आधी बराच वेळ हातपाय फिरवत बसायच्या, दमून आल्या असतील तर त्या दिवशी वजनांना हातच लावायच्या नाहीत, आणि पोरी हसल्या तर धाकटी त्यांनाही फिरवायला लावायची. थोरली ओसरीच्या कडेवर हात टेकून पाण्याची बाटली खाली नेत बसायची, सावकाश, रोज. नुसतं बसून एवढंसं करायचं हे तिला सगळ्या वजनांहून कठीण गेलं. कळ बोथट झाली, मग कधीमधीच यायला लागली. स्पर्धेच्या आधी फिजिओनं कोपर दाबून पाहिलं आणि सांगितलं, जा. दुखलं तर थांबा. थोरली हो म्हणाली. थांबायचं म्हणजे काय करायचं ते तिला कळलं नव्हतं, पण हो म्हणाली.

स्पर्धेचं मैदान लोकांनी भरलं होतं. त्यांच्या बाजूच्या जोड्या तिशीच्या आतल्या, चकचकीत कपड्यांतल्या. या दोघींच्या अंगात शाळेच्या कवायतीचे ढगळ शर्ट होते, मास्तरांनी दिलेले. दोघी पळाल्या, घसरगाडी ओढली, चेंडू धाकटीनं थोडे आणि थोरलीनं जास्त मारले. वजनं घेऊन चालण्याची पाळी आली तेव्हा त्या पुढून मोजल्या तर चौथ्या होत्या. मास्तर बाहेरून नाचत होते.

वजनं थोरलीची, असं ठरलं होतं. तीच तिची मिरवायची गोष्ट. तिनं ती उचलली आणि निघाली, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. अर्धं अंतर गेलं. मग कोपरात ते जागं झालं. आधी ठणका, मग गरम तार ओढावी तशी कळ. रेघ समोर दिसत होती. इतकं तर तिनं रोज ओढलं होतं, याहून जास्त दुखत असताना, आणि तेव्हा कोणी टाळ्याही वाजवत नव्हतं. ओठ चावून गेली असती. टाळ्या वाढत होत्या. तिला ते शेवटपर्यंत हवं होतं, फार हवं होतं.

तिनं वजनं खाली ठेवली.

लोकांना वाटलं, पकड बदलते आहे. पंच जवळ आला. धाकटी धावत आली.

"दुखतंय," थोरली म्हणाली.

शब्द तिच्या तोंडात नवा होता, आवाज भलत्याच पट्टीत निघाला. वाकून, पाय नीट रोवून, धाकटीनं वजनं उचलली आणि चालायला लागली, थोरली मोकळ्या हातांनी तिच्या बाजूनं. तेवढ्यात मागच्या कितीतरी जोड्या पुढे निघून गेल्या. दोघी शेवटच्या रेघेवर पोचल्या तेव्हा बक्षिसांची टेबलं दुसऱ्यांच्या भोवती होती. धाकटी घामानं निथळत थोरलीच्या गळ्यात पडली, आणि दोघी कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

घरी पोचायला दिवस मावळला. धारांची वेळ उलटून गेलेली. रस्त्याच्या वळणावर थोरलीचा पाय आपोआप भराभर पडायला लागला, कारण अशा वेळी कासा तटतटून गायी हंबरत असणार. पण गोठ्यातून आवाज नव्हता. दारातून डोकावली तर गायी रवंथ करत बसल्या होत्या, कॅन भरून झाकणं लागलेली, आणि दोघे भाऊ कट्ट्यावर, एकाच घमेल्यात कोमट पाण्यात हात बुडवून.

सासू ओसरीवर होती. तिनं नंबराचं विचारलं नाही. शेजारची जागा हातानं झाडली. थोरली बसली. करायला काही नव्हतं, म्हणून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

"दुखलं?" सासूनं विचारलं.

"दुखलं."

"मग?"

"मग खाली ठेवलं."

सासूनं आपली वळलेली बोटं थोरलीच्या कोपरावर ठेवली.

"ठेवता येतं होय गं," ती म्हणाली.